पूल कोसळल्यानंतर बुडालेली रोजी : बाल्टिमोरच्या कामगारांना मिळालेले अर्थसाहाय्य

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर बंदराच्या वाटेवर उभा असलेला फ्रान्सिस स्कॉट की पूल २६ मार्च २०२४ रोजी, स्थानिक वेळेनुसार रात्री दीडच्या सुमारास, पटाप्स्को नदीत कोसळला. सुमारे ३०० मीटर लांबीचे ‘डाली’ हे मालवाहू जहाज बंदर सोडून कोलंबोकडे निघाले होते. वाटेत त्यावरील वीजपुरवठा दोनदा खंडित झाला, जहाज वळवता येईना आणि ते पुलाच्या खांबावर आदळले. जहाजावरून धोक्याचा संदेश मिळताच पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक रोखली, त्यामुळे मोठी प्राणहानी टळली. मात्र पुलावर खड्डे बुजवण्याचे काम करीत असलेल्या सहा कामगारांना वेळेत बाहेर काढता आले नाही. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोर या देशांतून पोटासाठी आलेली ही माणसे होती. जहाजावरील २१ कर्मचाऱ्यांपैकी २० जण भारतीय होते, ही बाब त्या वेळी आपल्याकडील वृत्तांतून ठळकपणे आली होती.

दुर्घटनेच्या कारणांचा तपास पुढे दीड वर्षाहून अधिक काळ चालला. एका विजेच्या तारेवर नावाची पट्टी चुकीच्या रीतीने बसवल्यामुळे ती तार जोडणीत पूर्ण शिरली नव्हती व तेथून बिघाड सुरू झाला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वेगळा आहे. त्या रात्री जे पुलावर नव्हते, जहाजावर नव्हते, किंबहुना आपापल्या घरी झोपलेले होते, पण सकाळी उठून पाहतात तो ज्यांचे काम नाहीसे झाले होते, अशा कामगारांचे पुढे काय झाले, त्यांना कोणत्या कायद्याखाली किती मदत मिळाली आणि कोणत्या कायद्याखाली मिळू शकली नाही, याची माहिती येथे दिली आहे.

बंदर बंद पडले म्हणजे कोणाचे काम थांबले

की पूल मार्च १९७७ मध्ये वाहतुकीस खुला झाला होता व त्यावरून दररोज तीस हजारांहून अधिक वाहने जात. परंतु रोजगाराच्या दृष्टीने पुलापेक्षा त्याच्याखालून जाणारा जलमार्ग महत्त्वाचा होता. कोसळलेला सांगाडा नेमका या जलमार्गात पडला आणि बंदराच्या आतील धक्के समुद्रापासून तुटले. मोटारगाड्या व हलके ट्रक यांच्या चढ-उतारात बाल्टिमोर हे त्या वेळी अमेरिकेतील पहिल्या क्रमांकाचे बंदर होते. २०२३ या वर्षात तेथून अशा ८ लाख ४७ हजारांहून अधिक वाहनांची ने-आण झाली होती. कोळशाच्या निर्यातीतही ते देशात आघाडीवर होते आणि या कोळशाच्या प्रमुख ग्राहकांत भारताचा समावेश होता.

बंदरावर थेट अवलंबून असलेल्या नोकऱ्यांची संख्या राज्य सरकारच्या आकडेवारीनुसार १५ हजारांहून थोडी अधिक होती. अप्रत्यक्ष संबंध असलेल्या नोकऱ्या १ लाख ३९ हजारांच्या घरात जात. हा दुसरा आकडा वृत्तपत्रांतून वारंवार छापला गेला. पण त्यातील सर्वांचेच काम बुडाले, असा त्याचा अर्थ नव्हे. खरी झळ पहिल्या वर्गाला बसली, आणि त्यातही रोजावर काम करणाऱ्यांना.

गोदी कामगारांच्या स्थानिक संघटनेचे सुमारे २,४०० सभासद होते. गोदीतील कामाची रीत कारखान्यासारखी नसते. जहाज लागले की त्या दिवसापुरत्या टोळ्या बोलावल्या जातात. जहाज नसेल तर हाकही नसते. कोणी कोणाला कामावरून काढलेले नसते, राजीनामा नसतो, नोटीस नसते, फक्त काम नसते. शिवाय वर्षभरात किती तास काम झाले यावर या कामगारांचा आरोग्य विमा आणि रजेचा पगार अवलंबून असतो. म्हणजे बुडालेल्या आठवड्याचा फटका त्या आठवड्यापुरता राहत नाही, तो पुढच्या वर्षापर्यंत पोहोचतो.

ट्रकचालकांची स्थिती आणखी निराळी होती. बंदरातून कंटेनर उचलून गोदामांत नेणाऱ्या चालकांपैकी अनेक जण स्वतःच्या ट्रकचे मालक असतात व खेपेगणिक पैसे घेतात. कायद्याच्या भाषेत ते कामगार नव्हेत, स्वतंत्र व्यावसायिक ठरतात. ट्रकच्या कर्जाचा हप्ता मात्र खेप होवो न होवो, दरमहा द्यावाच लागतो. शेजारच्या बंदरांत माल वळवला गेला तेव्हा काही चालक त्याच्यामागे गेले, परंतु जास्त अंतर, जास्त डिझेल व दिवसाला कमी खेपा असा तो व्यवहार होता.

याला थोडा अपवाद होता. स्पॅरोज पॉइंट येथील खासगी धक्का पुलाच्या समुद्राकडील बाजूस असल्याने तो चालू राहिला व मोटारगाड्यांची काही जहाजे तेथे वळवण्यात आली. तेवढे काम बाल्टिमोरच्या माणसांच्या हाती राहिले.

उपलब्ध कायदे कोठे अपुरे पडले

अमेरिकेत नोकरी गेल्यास बेरोजगारी विम्यातून साप्ताहिक भत्ता मिळतो. त्याचा पैसा मालकांकडून घेतलेल्या कराच्या रूपाने जमा होतो आणि व्यवस्था प्रत्येक राज्य आपापली पाहते. मेरीलँडमध्ये दुर्घटनेच्या वेळी या भत्त्याची कमाल मर्यादा आठवड्याला ४३० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३६ हजार रुपये इतकी होती आणि तो जास्तीत जास्त २६ आठवडे मिळू शकत असे. रक्कम आपल्याला मोठी वाटेल. अमेरिकेतील पूर्वकिनाऱ्यावरील शहरात घरभाडे आणि विमा भरून त्यातून फारसे काही उरत नाही. पण रकमेपेक्षा महत्त्वाचा मुद्दा पात्रतेचा होता. स्वतंत्र व्यावसायिक मानल्या जाणाऱ्या ट्रकचालकासाठी कोणत्याही मालकाने हा कर भरलेला नसतो, त्यामुळे त्याला सर्वसाधारणपणे हा भत्ता मिळत नाही. ज्यांच्याकडे काम करण्याचा परवाना नाही, असे स्थलांतरित तर या व्यवस्थेच्या पूर्णपणे बाहेर असतात.

अशा लोकांसाठी तेथे आपत्ती बेरोजगारी साहाय्य नावाची एक केंद्रीय योजना आहे. तिच्यात स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही भत्ता मिळतो. परंतु राष्ट्राध्यक्षांनी ‘मोठी आपत्ती’ जाहीर केल्याखेरीज ही योजना सुरू होत नाही. त्या संज्ञेच्या व्याख्येत वादळ, भूकंप, महापूर अशा नैसर्गिक घटना येतात. आग, पूर आणि स्फोट असेल तर कारण कोणतेही चालते. जहाजाच्या धडकेने पूल पडणे त्यात सहजी बसत नाही, आणि बाल्टिमोरच्या बाबतीत ही योजना उपयोगात आली नाही. जो ट्रकचालक चक्रीवादळाने घरी बसला असता तर मदतीस पात्र ठरला असता, तोच जहाजाच्या धडकेने घरी बसल्यामुळे अपात्र ठरत होता.

केंद्र सरकारने दुसऱ्या वाटा वापरल्या. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने दोनच दिवसांत ६ कोटी डॉलर तातडीने दिले, पण ते ढिगारा हटवण्यासाठी व रस्ता-पुलाच्या कामासाठी होते. लघुउद्योग प्रशासनाने मेरीलँड व आसपासच्या भागातील लहान व्यवसायांसाठी २० लाख डॉलरपर्यंतची कर्जे खुली केली. व्याजदर व्यवसायांसाठी ४ टक्के, ना-नफा संस्थांसाठी सव्वातीन टक्के, आणि परतफेडीची मुदत जास्तीत जास्त ३० वर्षे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वृत्तांतून कर्ज, अनुदान, भत्ता आणि भरपाई या चारही गोष्टींना आपण सरसकट ‘मदत’ म्हणतो. इंग्रजी बातमी मराठीत आणताना तसे करणे सोयीचेही असते. प्रत्यक्षात कर्ज फेडावे लागते, अनुदान फेडावे लागत नाही, भत्ता ठरावीक मुदतीपुरता असतो, आणि भरपाई ही ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याने द्यायची असते. बाल्टिमोरच्या कामगारापर्यंत यांपैकी नेमके काय पोहोचले, हे पाहताना हा भेद विसरून चालत नाही.

मेरीलँडचा आपत्कालीन कायदा

पूल पडला तेव्हा मेरीलँड विधिमंडळाचे वार्षिक अधिवेशन संपत आले होते. सिनेटचे अध्यक्ष बिल फर्ग्युसन यांच्या पुढाकाराने आपत्कालीन विधेयक मांडण्यात आले. अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, ८ एप्रिल रोजी, ते मंजूर झाले आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर वेस मूर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. दुर्घटनेपासून स्वाक्षरीपर्यंत अवघे चौदा दिवस लागले. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा कायदा ‘पोर्ट ॲक्ट’ या नावाने ओळखला जातो. राज्याने आर्थिक अडचणीच्या काळासाठी बाजूला ठेवलेल्या राखीव निधीतून पैसा काढण्याची मुभा या कायद्याने दिली. नवा कर बसवावा लागला नाही आणि केंद्राच्या निर्णयाची वाटही पाहावी लागली नाही.

मदतीची रचना दोन अंगांनी होती. पहिले अंग थेट कामगारासाठी होते. दुर्घटनेपूर्वी बंदरात नियमितपणे काम करणाऱ्या व काम मंदावल्यामुळे रिकाम्या झालेल्या व्यक्तींना आठवड्याला ४३० डॉलर देण्याची योजना राज्याच्या कामगार विभागाने सुरू केली. रक्कम बेरोजगारी विम्याच्या कमाल भत्त्याइतकीच ठेवण्यात आली होती. या योजनेत कामगाराला पत्र देऊन कामावरून कमी केले होते की नाही यापेक्षा तो बंदरावर खरोखर राबत होता की नाही, या गोष्टीला महत्त्व होते. रोजावर बोलावल्या जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक होता.

दुसरे अंग मालकांसाठी होते, पण अट कामगारांच्या बाजूची होती. कामगारांना कमी न करता पगारावर ठेवणाऱ्या व्यवसायांना प्रत्येक कामगारामागे ७,५०० डॉलरपर्यंत व एका व्यवसायास २ लाख डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकत होते. बंदराचे काम काही आठवड्यांत पुन्हा सुरू होणार हे दिसत होते. क्रेन चालवणारा, जहाजाच्या पोटातून मोटारगाड्या इंचाइंचाने काढणारा कुशल माणूस त्या काळात दुसऱ्या शहरात गेला असता, तर जलमार्ग खुला होऊनही बंदर लंगडतच चालले असते. कामगाराला टिकवून ठेवण्यात राज्याचा हिशेबही होता, निव्वळ दया नव्हती.

कायद्यात आणखी एक तरतूद होती, तिची चर्चा त्या मानाने कमी झाली. रस्ते व वाहतुकीच्या कामावर असताना मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबीयांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्याची सोय त्यात करण्यात आली.

या सर्व योजना मुदतीच्या होत्या आणि त्यांचे घड्याळ जलमार्गावरील ढिगाऱ्याशी बांधलेले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत लहान बोटींपुरत्या उथळ वाटा मोकळ्या झाल्या. २५ एप्रिल रोजी ३५ फूट खोलीची तात्पुरती वाट मिळाली व अडकून पडलेली काही जहाजे बाहेर पडू लागली. २० मे रोजी ‘डाली’ तेथून हलवण्यात आले. सुमारे ५० हजार टन मलबा काढल्यानंतर १० जून २०२४ रोजी ७०० फूट रुंद व ५० फूट खोल असा मूळ जलमार्ग पूर्ववत झाला. म्हणजे गोदीतील कामाचा खंड सुमारे अकरा आठवड्यांचा होता. अर्थात जलमार्ग खुला झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी जहाजे परत येत नाहीत. वळवलेला माल परत फिरायला अवधी लागतो. आणि पुलावरून ये-जा करून ज्यांची रोजी चालत होती, त्यांचा वळसा त्यानंतरही कायम राहिला. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या ट्रकांना बंदराखालच्या बोगद्यांतून जाण्यास मनाई असल्याने त्यांना शहराला मोठा फेरा घालावा लागतो. नवा पूल २०३० च्या अखेरीस तयार होईल व त्याला ४३० ते ५२० कोटी डॉलर खर्च येईल, असा सुधारित अंदाज नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला.

जहाजमालकाकडून भरपाई का मिळत नाही

एवढे सगळे सरकारी तिजोरीतून का द्यावे लागले, नुकसान ज्याच्या जहाजाने केले त्याच्याकडून ते वसूल का होऊ नये, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर दोन जुन्या गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट १८५१ सालचा कायदा. जहाजउद्योगाला उत्तेजन मिळावे म्हणून अमेरिकेने तो केला होता. दुर्घटनेला कारण ठरलेली त्रुटी मालकाला ठाऊक नव्हती असे सिद्ध झाल्यास, त्याची जबाबदारी दुर्घटनेनंतर जहाजाची जी किंमत उरेल तेवढ्यापुरती व येणे असलेल्या मालभाड्यापुरती मर्यादित होते. ‘टायटॅनिक’च्या मालकांनीही अमेरिकेत याच कायद्याचा आधार घेतला होता. ‘डाली’ची मालक ग्रेस ओशन व व्यवस्थापक सिनर्जी मरीन या सिंगापूरच्या कंपन्यांनी पूल पडून आठवडाही उलटला नव्हता तोच, १ एप्रिल २०२४ रोजी, आपली जबाबदारी सुमारे ४ कोटी ३७ लाख डॉलरपुरती मर्यादित करावी असा अर्ज बाल्टिमोरच्या केंद्रीय न्यायालयात केला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये या कंपन्यांनी अमेरिकी सरकारला जवळपास १० कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. परंतु ती रक्कम ढिगारा हटवण्यावर व बचावकार्यावर सरकारने केलेल्या खर्चापोटी होती. कामगारांच्या बुडालेल्या रोजीशी तिचा संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट १९२७ सालचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. एका सुक्या गोदीत दुरुस्तीसाठी आलेल्या जहाजाचा पंखा कामगारांच्या चुकीने मोडला. जहाज भाड्याने घेतलेल्यांचे त्यामुळे दिवस वाया गेले व त्यांनी गोदीवर दावा केला. मोडलेला पंखा तुमच्या मालकीचा नव्हता, सबब तुम्हाला निव्वळ आर्थिक नुकसानीपोटी दावा करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. हा नियम समुद्री अपघातांच्या खटल्यांत आजही आडवा येतो. पूल राज्याच्या मालकीचा होता, म्हणून राज्य दावा करू शकते. पुलाचा विमा होता, म्हणून विमा कंपनीने राज्याला ३५ कोटी डॉलर दिले. गोदी कामगाराचा कोणता पंखा मोडला होता? त्याची गेली ती रोजी, आणि रोजी ही या नियमाच्या दृष्टीने मालमत्ता नव्हे.

हा नियम अटळ आहे असेही नाही. समुद्रात तेल सांडल्यास मासेमार, हॉटेलमालक आणि किनाऱ्यावरील इतर व्यावसायिकांना स्वतःच्या मालमत्तेची हानी झालेली नसतानाही बुडालेले उत्पन्न मागता येते, अशी तरतूद अमेरिकेने १९९० च्या कायद्यात मुद्दाम केली. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला तेव्हा किनाऱ्यावरील लोकांना तेल कंपनीकडून भरपाई मिळू शकली ती त्यामुळेच. आखातातील कोळंबी पकडणाऱ्याला जो हक्क आहे, तो बाल्टिमोरच्या हमालाला नाही. यामागे तत्त्व कोणते, हे शोधू जाता हाती काही लागत नाही. १९९० चा कायदा तेलासाठी झाला, पुलांसाठी झाला नाही, एवढेच.

जिनोआचा अनुभव

इटलीतील जिनोआ या बंदराच्या शहरात १४ ऑगस्ट २०१८ रोजी मोरांडी पूल कोसळला व ४३ जण मृत्युमुखी पडले. तेथेही विशेष कायदा करावा लागला. तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेत संमत झाला. दुर्घटनेमुळे ज्यांना पूर्णतः वा अंशतः काम करता आले नाही, अशा खासगी क्षेत्रातील नोकरदारांना जास्तीत जास्त १२ महिने भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. स्वयंरोजगार करणाऱ्या, व्यवसाय थांबवावा लागलेल्या व्यक्तींना एकरकमी १५ हजार युरो देण्यात येणार होते. दुकानदार, विक्री प्रतिनिधी, कंत्राटावर काम करणारा अशा सर्वांना हा एकच आकडा लागू होता. पावत्या जुळवून नुकसान मोजत बसण्यापेक्षा ठोक रक्कम देणे ओबडधोबड वाटेल, पण हातात पैसा लवकर पडतो. गोदीत पाळीगणिक माणसे पुरवणाऱ्या संस्थेला कमी झालेल्या पाळ्यांपोटी साहाय्य करण्याची सोयही इटलीने केली.

भारतातील तरतुदी

आपल्याकडे अशा प्रसंगी कोणता आधार आहे? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे आदी आपत्तींची यादी आहे. पूल कोसळणे त्या यादीत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या व्याख्येत मानवनिर्मित आपत्ती येते, पण व्याख्येत येणे आणि निधीच्या निकषांत बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपघातात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना व जखमींना सरकार सानुग्रह रक्कम जाहीर करते. रोजगार बुडालेल्यांसाठी तशी ठरलेली वाट नाही.

कारखान्यातील कायम कामगाराला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे समाविष्ट झाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. परंतु तिच्यासाठी आस्थापनेत किमान ५० कामगार असावे लागतात, वर्षभराची सलग सेवा लागते, आणि बदली व नैमित्तिक कामगार वगळले जातात. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यास सरासरी वेतनाच्या २५ टक्के भत्ता होता. २०२० मध्ये तो ५० टक्के करण्यात आला. मुदत ९० दिवस, आणि लाभ विमाधारकालाच.

या संदर्भात मुंबईच्या गोदीची आठवण अस्थानी ठरणार नाही. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला आणि त्याखाली मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या नोंदवहीत नाव असलेल्या कामगाराने हजेरी लावली व जहाज नसल्याने त्याला काम मिळाले नाही, तर हजेरी भत्ता मिळे. महिन्यातील ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमीही असे. जहाज का आले नाही, वादळाने, संपाने की पूल पडल्याने, हा प्रश्न त्या भत्त्यासाठी विचारला जात नसे. पुढे कंटेनर आले, टोळ्यांची गरज घटली, आणि मंडळ मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले.